बाहुलीला दोन थेंब

वाचकहो, तुमच्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असेल आणि त्याच्या पाठीवर नुकतेच दुसरे झाले असेल, तर मी सांगणार आहे त्यातले निम्मे तुम्ही रोज पाहातच असाल. उरलेले निम्मे पाहण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी शेतीखात्याचा माणूस. बी-बियाणे, खते आणि फवारण्या सोडून मी दुसऱ्या कशावर लिहावे असे कोणाला वाटणार नाही. कृषीच्या पदवीला आम्हांला गाईच्या वासराची निगा शिकवली, माणसाच्या वासराची नाही. पण विस्तार अधिकाऱ्याचा निम्मा जन्म लोकांच्या ओटीवर जातो. शेतकरी शेतातून येईपर्यंत बसून राहायचे, समोर आलेला कोरा चहा प्यायचा आणि अंगणात जे चालले असेल ते बघायचे. अंगणात मुलेच असतात. तेव्हा या विषयात माझी जी काही हजेरी लागली आहे, ती ओटीवरची.

सूर्यमाळ हे मोखाडा तालुक्यातले उंचावरचे गाव. खोडाळ्याकडून घाट चढून वर आले की हवाच बदलते. पावसाळ्यात इथे दिवसेंदिवस धुके उतरून बसते. दसऱ्याच्या सुमारास खुरासणी फुलली की सारा माळ पिवळा होतो. आणि एवढा पाऊस झेलूनही उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद. खाचरात थोडे भात. दिवाळी झाली की अर्धी घरे कुलूप लावून वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे. अलीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात मोगऱ्याची लागवड वाढली आहे. पहाटे कळ्या तोडायच्या आणि गाडीने दादरच्या बाजाराला पाठवायच्या. ज्याच्याकडे मोगऱ्याला पुरेल एवढे पाणी आहे, त्याला पोराबाळांसह भट्टीवर जावे लागत नाही.

अशाच एका घरी मी गेली दोन वर्षे जातो आहे. ओहोळाच्या कडेला पंधरा गुंठे मोगरा. घरात आजी, मुलगा, सून, सव्वादोन वर्षांची नात आणि त्या वेळी दीड महिन्याचा असलेला नातू. नातीचे कागदावरचे नाव काही असो, घरात तिला सारे ‘बाय’ म्हणतात. मीही तेच म्हणतो. तिचा भाऊ मोगऱ्यामुळे गावातच जन्मला. बाय झाली तेव्हा मात्र सारे घर भट्टीवर होते.

बायची बाहुली आजीने केलेली. जुन्या लुगड्याची चिंधी, आत नागलीचा पेंढा, केसांना काळा दोरा, नाक-डोळे काजळाचे. डोळ्यांसाठी आजीने गुंजा काढून ठेवल्या होत्या, पण मी नको म्हटले. गुंजेचे बी दिसायला मोठे देखणे, पण फोडून चावले तर जहर. लहान मुलाच्या हातात ते नसावे. एवढे एक शहाणपण माझ्या खाती जमा धरा, कारण पुढे खर्चाची बाजू मोठी आहे.

आता गंमत बघा. त्या घरात दोन लहानगी होती, एक चिंधीची आणि एक हाडामांसाची. बायच्या मते त्यांतली चिंधीची तेवढी खरी होती. तिला झोळी बांधून हवी, तिला ऊन लागू नये, तिच्या घासावर फुंकर घालायची. आई झोळीला झोका देताना जे गुणगुणते तेच बाय गुणगुणायची. शब्द एकही नाही, पण चाल बिनचूक. एकदा तर ती अंगावर नसलेला पदर सारखा करून, भिंतीकडे तोंड फिरवून बाहुलीला पाजायला बसली. मी हसलो तशी तिने माझ्याकडे मान वळवून असे काही पाहिले की मीच संकोचून अंगणाकडे बघू लागलो. आत आजी तोंडाला पदर लावून हसत होती. “सायेब, आता तुमी तिकडंच बघा. लेकरू दूध पितंय.”

आणि भाऊ? तो तिच्या लेखी खेळणे. त्याचा एक पाय धरून तो झोळीतून ओढता येतो का हे ती बघायची. त्याचा कान वळतो, पण सुटून हातात येत नाही, याचे तिला नवल वाटे. डोळा खरा आहे की काजळाचा, हे बोट लावून तपासायची. एक दिवस तर तिने आजीची काजळाची डबी आणून त्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत नवे तोंड काढून दिले. तो रडला की ती थक्क होऊन मागे सरे. बाहुली कधी तक्रार करत नाही, मग यालाच काय झाले?

हे सूर्यमाळलाच घडते असे समजू नका. माझ्या स्वतःच्या नातीला शहरातली, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली कोणीतरी दिली. पुढे घरी पाहुण्यांचे तान्हे बाळ आले. नात त्याला उशीवर आडवे करी, तोंडाकडे निरखून बघे, परत उठवू पाही, पुन्हा आडवे करी. बाळाचे डोळे टक्क उघडे. शेवटी ती आईला म्हणाली, “बाळ बिघललंय.”

या वयाच्या मुलांना लहान-मोठ्याचा अंदाजही नसतो. बायने बाहुलीसाठी वीतभर फडक्याची झोळी खाटेच्या पायाला बांधून घेतली होती. एका दुपारी ती बाहुलीला बाहेर काढून स्वतः तीत झोपायला निघाली. एक पाय कसाबसा आत गेला, दुसरा टाकताना झोळीसकट आपटली. उठली ती बाहुलीवरच रागावली. मला वाटले, पोरगी जरा भोळी दिसते. पण अमेरिकेतल्या ज्युडी डिलोच आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ साली नेमक्या याच गोष्टीवर लेख लिहिला आहे. दीड ते अडीच वर्षांची मुले मोठ्या घसरगुंडीवर, खुर्चीवर, गाडीत खेळत. मग त्या वस्तू काढून त्यांच्या जागी तशाच, पण हातभरही नसलेल्या छोट्या वस्तू ठेवल्या. तरी काही मुले त्या इवल्याशा गाडीत पाय घालायला आणि त्या इवल्याशा खुर्चीवर बसायला गेली. वस्तू दिसताच तिचे काय करायचे ते त्यांना आठवते, तिचे माप ध्यानात येत नाही. म्हणजे आमची बाय भोळी नव्हती, वयाला धरून होती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाहुलीशी बाय जे काही करायची, त्यातले तिच्या मनाचे काहीच नसे. सारे घरात पाहिलेले. टँकर आला की बाहुलीला पाठीशी बांधून, डोक्यावर लोटी घेऊन ती अंगणाला एक फेरी मारी. बाहुलीची आंघोळ घालताना आजीसारखी तिच्या टाळूवर थोपटे. त्या घरात कोण कोणाशी कसे बोलते हे मी माणसांना विचारले असते तर त्यांनी सांगितले नसते. बायकडे बघितले की सारे कळे. सून मध्यंतरी दोन दिवस कोणाशी बोलत नव्हती, तेव्हा बायने बाहुली भिंतीकडे तोंड करून बसवली होती.

आता त्या दिवसाकडे येतो. शिमग्याला आठवडा होता. मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी दिसली होती आणि पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः उभे राहून फवारणी करून घेतली होती. बाटलीवर पिवळा त्रिकोण. तुम्हांला माहीत असेल, नसेल तर आज घरातली बाटली बघा: औषधाच्या लेबलावर चौकटीच्या आकाराचे चिन्ह असते आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे मी शेकडो सभांतून सांगितले आहे. बाटली कुलपात ठेवा, हेही सांगितले आहे. त्या दिवशी मला शेवटची एस.टी. गाठायची होती. बाटलीत थोडे औषध उरले होते. “पुन्हा फवारणीला लागेल,” असे म्हणून ती मी माझ्याच हाताने ओटीवरच्या वळचणीला खोचली आणि ज्या टोपणाने औषध मोजले होते ते तिच्यावर नुसते पालथे घातले. मला वाटले, उंच आहे.

आपल्या या घरांची वळचण किती खाली येते हे मला माहीत नव्हते असे नाही. दोन वर्षे मी तिच्याखालून वाकून आत जात होतो. ओटीवर उभ्या राहिलेल्या सव्वादोन वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचतो. उंची मी माझ्या खांद्यावरून मोजली.

पुन्हा गेलो तेव्हा सून पाण्याला गेली होती, मुलगा शेतात होता, आजी चुलीपाशी माझ्यासाठी चहा टाकत होती. ओटीवर मी, झोळीतला नातू आणि अंगणात बाय. आदल्याच दिवशी अंगणवाडीत नातवाचे दीड महिन्याचे लसीकरण झाले होते, मांडीत सुई आणि तोंडात पोलिओचे थेंब. बायने ते सारे आईच्या पदराआडून पाहिले असणार, कारण अंगणात दवाखाना भरला होता. बाहुलीला तिने बाभळीच्या काट्याने टोचले. टोचलेली जागा चोळली. “ललू नको, ललू नको,” म्हणाली. मग तिचे तोंड दोन बोटांत धरून “आ कल” म्हणाली आणि लहानशा टोपणातून दोन थेंब सोडले. अगदी मोजून दोन. मला इतके कौतुक वाटले की काय सांगू! १९९५ साली आपल्या देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. त्या काळात थेंबांना भिऊन पोरे दडवणारी घरे मी पाहिली आहेत. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. आणि आज ही एवढीशी पोर खेळातसुद्धा डोस चुकवत नाही.

मी हसत म्हणालो, “डॉक्टरीणबाई, एक बाळ राहिले की!”

हे शब्द माझे. ते मी कोणाच्या माथी मारू शकत नाही.

बायला ते पटले. तिने मोरीजवळच्या भांड्यातले पाणी टोपणात घेतले आणि ओटीच्या पायऱ्या चढू लागली. तेवढ्यात माझी नजर बाहुलीकडे गेली. काजळाच्या तोंडावर दोन पांढरे ओघळ होते. दुधासारखे पांढरे. पाणी पांढरे कसे होईल? आणि शेतीखात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे कळायला जेवढा वेळ लागू नये तेवढा मला लागला. तेलकट औषधात पाणी पडले की ते दुधासारखे फुटते. पंपात पाणी ओतताना मी हे हजार वेळा पाहिले आहे.

मी उठलो तेव्हा ती झोळीपाशी पोचली होती. डाव्या हाताने तिने झोळीची कड खाली ओढली होती आणि “आ कल” म्हणत होती. माझा हात टोपणाला लागला, ते उडाले, एक थेंब नातवाच्या गालावर पडला. ओठापासून दोन बोटांवर.

पुढचे मी नीट सांगू शकेन असे वाटत नाही, पण केले ते सांगतो, कारण ते उपयोगी आहे. दोघांचे कपडे काढले. नातवाचा गाल आणि मान, बायचे हात, तोंड, साबण लावून भरपूर पाण्याने धुतले. त्या घरात त्या दिवशी पाणी दोन हंडे होते, ते दोन्ही आजीने ओतले. उलटी करवायला मी जाऊ दिले नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नये. बाटली लेबलासकट पिशवीत घातली, कारण पोटात काय गेले असावे हे डॉक्टरला लेबलावरून कळते. शेजाऱ्याच्या जीपमधून आरोग्य केंद्र गाठले. निघण्यापूर्वी आजीने बायच्या पाठीत एक धपाटा घातला. तो खरे तर माझ्या पाठीत बसायला हवा होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी लेबल वाचले, दोघांना हुंगले, छाती ऐकली आणि विजेरी लावून डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. त्या जातीचे औषध अंगात भिनले की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो. “बाहुल्या ठीक आहेत,” ते म्हणाले. आणि बायने ऐकले ते एवढेच. तिने रडे थांबवले आणि माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बोट केले. पिशवीत तिची बाहुली होती. तीवर औषध पडले होते म्हणून मीच बांधून घेतली होती. डॉक्टरांना आधी समजेना. मग त्यांनी पिशवीवरूनच विजेरी धरली, गंभीरपणे पाहिले आणि “हीपण ठीक आहे” असे सांगितले. त्या दुपारी कोणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते, पण आजी हसली आणि मग ढसाढसा रडली.

संध्याकाळपर्यंत दोघांना नजरेखाली ठेवले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. समोर सात-आठ वर्षांची एक मुलगी कडेवर वर्षाचे भावंडे घेऊन उभी होती. कंबर एका बाजूला गेलेली, एक हात भावंडाखाली आणि दुसऱ्या हातात त्याच्यासाठी बिस्किट. तिच्याकडे बाहुली असण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे पोरींच्या हातातली चिंधीची बाहुली जाते आणि तिच्या जागी खरे बाळ कधी येते ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मला कोसबाड आठवले. ते आपल्याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरच्या मुली शाळेत का येत नाहीत, तर कडेवर भावंडे असते. यावर त्यांनी मुलीला बोल लावला नाही. त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, की ताई वर्गात बसेल आणि भावंडे शेजारी पाळण्यात राहील. त्याच्याही आधी त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या होत्या. बाकावर बसून मला वाटले, या बायका आधी अंगणात बसून पाहात होत्या आणि मग बोलत होत्या. मी ओटीवर बसून पाहात होतो खरा, पण करमणूक म्हणून.

दोघेही बरे आहेत. बायने टोपण स्वतःच्या तोंडाला लावले नव्हते, कारण डोस बाळांसाठी असतो आणि ती तर डॉक्टरीण.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. उरलेले औषध पंपातून मोगऱ्यावर संपवले, बाटली तीनदा विसळून ते पाणीही पंपातच ओतले. मग बाटलीला खिळ्याने भोके पाडली आणि घरापासून, ओहोळापासून दूर, चढावर खोल खड्डा करून ती पुरली. टोपण पुरले. बाहुलीही पुरावी लागली. बाय बापाच्या कडेवरून सारे बघत होती. ती रडेल म्हणून आम्ही तिला घरी ठेवणार होतो, पण ती राहिली नाही. रडलीही नाही. फक्त माती लोटून झाल्यावर बापाने पायाने दाबली तेव्हा “हळू” म्हणाली. आता त्या घरात ओटीच्या आत, आढ्याजवळ, कुलपाची पत्र्याची पेटी ठोकलेली आहे. ती मी माझ्या पैशांनी आणली आणि किल्ली सुनेच्या गळ्यात आहे.

पाऊस सुरू झाल्यावर नागलीचे रोप बघायला गेलो. आजीने नवी बाहुली केली होती, या खेपेला जरा मोठी. बाय ओटीवर तिला समोर बसवून बोट नाचवत होती. “हात लावशील? पुन्ना लावशील?” आणि पाठीत धपाटा. आवाज हुबेहूब आजीचा. आजी आतून ऐकत होती. ती बाहेर आली, बाहुली उचलून खांद्यावर घेतली आणि काही न बोलता थोपटत राहिली. बाय बघत राहिली.

नातू आता पालथा पडतो. बाय त्याला ओढत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसते आणि कोणी जवळ आले की, “लांब,” म्हणते.

चहा यायला त्या दिवशी बराच वेळ लागला. आजीला गाळणी सापडत नव्हती. चार दिवस झाले, घरातून चमचे जात होते, एक वाटी गेली होती, मुलाच्या मोबाईलची वायर गेली होती. सून म्हणाली की कुत्रे नेत असेल. मी बाहेर अंगणाकडे पाहिले. कुडाच्या कडेने पाच-सहा ठिकाणी माती उकरून परत दाबलेली होती, वर बोटाएवढे पाऊल. उकरले तर पहिल्याच खड्ड्यात गाळणी निघाली. बाय धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी माती परत आत लोटायला सुरुवात केली.

वाटी दुसऱ्या खड्ड्यात सापडली, वायर तिसऱ्यात. चमचे अजून सापडायचे आहेत.